नावात लोणी आहे, फळात पाणी आहे: अव्होकाडोचे व्हिगन गोड-तिखट पदार्थ

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी वर्षभरापासून व्हिगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, लोणी, मध यांतलं काहीच घेत नाही. लोण्याऐवजी अव्होकाडो वापर, असं तिनं आईला सांगितलं. ताईंनी एकदा त्याची फोडणी घालून भाजी केली, ती कडू झाली. केक केला, तो हिरवट, चिवट आणि मधोमध कच्चा निघाला. आणखी दोन फळं आणली, ती आठवडाभर दगडासारखी राहिली आणि मग एकदम आतून काळी पडली. जुलैअखेरीला मुलीचा वाढदिवस आहे आणि केक घरीच करायचा आहे. शिवाय रोजच्या जेवणात या फळाचं गोड-तिखट काय करता येईल, हेही त्यांना हवं आहे.

ताई, तुमच्या भाजीचं आणि केकचं जे बिघडलं त्याचं मूळ बहुतेक एकच आहे. या फळाच्या नावात जिथे तिथे लोणी आहे. दक्षिणेत सगळे बटर फ्रूट म्हणतात, कन्नडमध्ये बेण्णे हण्णु, म्हणजे लोण्याचं फळच. त्यामुळे आपणही त्याला लोण्यासारखं वागवायला जातो. पण 100 ग्रॅम बटरमध्ये 80 ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश असतो आणि पाणी 16 ग्रॅमच्या आसपास. 100 ग्रॅम अव्होकाडोच्या गरात स्निग्धांश साधारण 15 ग्रॅम आणि पाणी 73 ग्रॅम. हाताला लागतं तुपकट, पण आत तीन चतुर्थांश पाणी आहे. हा एक हिशोब डोक्यात बसला की केक का कच्चा राहिला हे कळतं, आणि पुढे कुठल्या पदार्थात हे फळ घालायचं आणि कुठे नाही, हेही आपलं आपल्याला ठरवता येतं.

मी सहकारनगरला घरातून केकच्या ऑर्डरी घेते, त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली सात वर्षं व्हिगन केकही करते आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हाताला जे पटलं ते असं: जिथे मऊपणा, ओलावा, सायीसारखा गुळगुळीतपणा हवा आहे तिथे अव्होकाडो उत्तम. जिथे खुसखुशीतपणा किंवा पापुद्रा हवा आहे तिथे तो घालूच नये. नानकटाई, शंकरपाळे, चिरोटे, आपल्या पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं यांचा खुसखुशीतपणा येतो तो पाणी कमी आणि स्निग्धांश जास्त असल्यामुळे. त्यात अव्होकाडो घातला की बिस्किटाची पोळी होते. त्यासाठी घट्ट, थिजलेलं खोबरेल तेल वापरा.

आता आधी फळाचं बोलू, कारण निम्मे पदार्थ फळ चुकल्यामुळेच बिघडतात.

पुण्यात दोन तऱ्हेची फळं मिळतात. एक हास, म्हणजे जाड, खडबडीत सालीचं, पिकताना हिरव्याचं काळपट-जांभळं होणारं. हे बहुतेक टांझानिया, केनिया, पेरू अशा देशांतून येतं. दुसरं कूर्ग, वायनाड, निलगिरी भागातून येणारं आपल्याकडचं फळ. ते मोठं, गुळगुळीत सालीचं आणि पिकल्यावरही बहुधा हिरवंच राहणारं. त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर असतो, तेव्हा मंडईत, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये आणि मार्केट यार्डात ते बऱ्यापैकी दिसतं. हास जास्त तुपकट आणि घट्ट असतो. आपल्याकडचं फळ जास्त पाणीदार, चवीला सौम्य, आणि त्याची बीही मोठी. केकवरच्या क्रीमसाठी, मूससाठी हास घ्या. शिकरण, कोशिंबीर, थालीपीठ, पराठे यांना आपल्याकडचं फळ अगदी छान चालतं, स्वस्तही पडतं. मला स्वतःला कोशिंबिरीत कूर्गचंच आवडतं, हास तिथे फार जड होतो.

अव्होकाडो झाडावर पिकत नाही. तोडल्यावरच पिकायला लागतो. म्हणून बाजारात फळ कडक मिळालं तर ते वाईट नाही, उलट कडकच घ्यावं, कारण मऊ फळ किती हातांनी दाबलेलं आहे ते आपल्याला कळत नाही. घरी आणून एक केळं सोबत ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळायचं, किंवा आपण आंब्याला करतो तसं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचं. केळ्यातून निघणाऱ्या वायूनं पिकायला जोर येतो. माझ्या स्वयंपाकघरात एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस लागतात, डिसेंबरमध्ये आठवडा. कडक फळ फ्रीजमध्ये मात्र ठेवायचं नाही. तुमची दोन फळं दगडासारखी राहून आतून काळी पडली, त्यावरून मला वाटतं ती फ्रीजमध्ये गेली असणार. थंडीत पिकण्याची क्रिया अडते आणि बाहेर काढल्यावर गर नीट मऊ न होता काळवंडतो. आधी बाहेर पिकवायचं, आणि पिकल्यावर लगेच वापरायचं नसेल तर फ्रीजमध्ये. तिथे दोन-तीन दिवस सहज टिकतं.

पिकलं की नाही हे पोटाला अंगठा रुतवून बघू नका, तिथे डाग पडतो. फळ तळहातावर घेऊन देठाच्या बाजूला सगळ्या बोटांनी हलकं दाबा. किंचित दबलं, पण खड्डा राहिला नाही, तर कोशिंबिरीला योग्य. लोण्यासारखं दबलं तर बेकिंगला योग्य. देठाचं बोंड नखानं सहज निघालं आणि खाली हिरवं दिसलं तर आजच कापा. खाली तपकिरी दिसलं तर आत डाग असण्याची शक्यता धरा. हिरव्या सालीच्या फळाला रंगावरून ओळखायला जाऊ नका. कच्चं फळ मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून घ्या असा सल्ला मिळतो. ते मऊ होतं, पिकत नाही. चव तुरट आणि गवतासारखी राहते, आणि केकमध्ये ती साखरेनंही झाकली जात नाही.

कापताना एक जपा. बी हातात धरलेल्या फळातच सुरीच्या टोकानं उचकटायची सवय फार वाईट. सुरी घसरते ती सरळ तळहातात जाते. अर्धं फळ पोळपाटावर किंवा लाकडी पाटावर ठेवा आणि चमच्यानं बी काढा. गरही चमच्यानंच सालीलगत फिरवून काढा, सालीजवळचा गडद हिरवा भाग चवीला चांगला असतो.

कापल्यावर गर काळा पडतो तो सफरचंद किंवा वांग्यासारखाच, हवा लागली की. आंबटपणानं ही क्रिया मंदावते. एका मध्यम फळाला एक ते दोन छोटे चमचे लिंबाचा रस लगेच चोळावा. बी वाटीत ठेवली की चटणी काळी पडत नाही, असं पुष्कळ जणी मानतात, पण बीखाली जेवढी जागा झाकली जाते तेवढीच हिरवी राहते. खरा उपाय म्हणजे हवा बंद करणं: वाटीतला गर सपाट करून त्यावर प्लॅस्टिकचा कागद थेट टेकवायचा, मधे हवा ठेवायची नाही. फळं एकदम पिकली तर लिंबू घालून गर कुस्करा आणि 100-100 ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका. दोन-तीन महिने केक आणि पराठ्यांना उपयोगी पडतो. कोशिंबिरीला नाही.

भाजी कडू का झाली? अव्होकाडोचा गर सरळ गरम कढईत, तेलात परतला किंवा रस्सा म्हणून उकळत ठेवला की त्यातले काही स्निग्ध घटक बदलतात आणि कडवट होतात. आच जितकी मोठी आणि वेळ जितका जास्त, तितका कडूपणा जास्त. वांगं किंवा भोपळा जसा शिजवावा तसं हे फळ शिजवण्याचं नाहीच. मग केकमध्ये ते ओव्हनमध्ये जातं ते कडू का होत नाही? कारण केकच्या आत पाणी असतं, त्यामुळे भट्टी 175 अंशांवर असली तरी केकचा मधला भाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि गर पिठात मिसळलेला असतो, तापलेल्या धातूला लागत नाही. पराठ्यात, थालीपिठातही तेच. म्हणून नियम सोपा: गर एकतर कच्चाच वापरायचा, नाहीतर पिठात लपवून. फोडणीत टाकायचा नाही, गॅस बंद झाल्यावर वरून घालायचा.

आता तिखट पदार्थ. आपल्या घरात व्हिगन काही नवं शिकायचंच नाहीये, हे मी प्रत्येक आईला सांगते. पिठलं-भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, थालीपीठ, वरणावर तूप घातलं नाही तर वरण-भातसुद्धा, हे सगळं व्हिगनच आहे. अडतं ते दह्याच्या, लोण्याच्या आणि साईच्या जागी. तिथेच अव्होकाडो बसवायचा.

कोशिंबिरीपासून सुरुवात करा, कारण ती लगेच जमते. एक कांदा बारीक चिरून त्याला चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून दहा मिनिटं ठेवायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. टोमॅटोचा बियांचा भाग काढून टाकायचा, नाहीतर पाणी सुटतं. जेमतेम पिकलेल्या अव्होकाडोचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, मूठभर डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर. छोट्या कढल्यात एकच चमचा तेल, मोहरी तडतडली की हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. ही फोडणी चर्र करून ओतायची नाही. कढलं ओट्यावर ठेवून मिनिटभर थांबायचं. मोहरीचा आवाज पूर्ण बंद झाला, कढीपत्ता कडक झाला, की मग घालायची. शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट. चमच्यानं ढवळू नका, वाडगं दोन्ही हातांनी धरून झेला, म्हणजे तुकडे कुस्करत नाहीत आणि कूट प्रत्येक तुकड्याला लागतं. दही नसूनही ती दह्याच्या कोशिंबिरीइतकी लगथगीत लागते. माझ्या सासूबाई व्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्या पावसाळ्यात ही कोशिंबीर मागून घेतात.

दुसरं म्हणजे थालीपिठावरचं लोणी. हा पुण्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त जाणवणारा अभाव. एक पूर्ण पिकलेलं फळ, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ, लिंबू, हे खलबत्त्यात ठेचायचं. आधी लसूण-मिरची-मीठ बारीक ठेचून घ्या, मगच गर घाला आणि चार-पाच ठोके द्या. मिक्सरमध्ये केलं तर ते चिकट होतं. गरम थालीपिठावर याचा गोळा ठेवला की तो वितळत नाही, हे खरं, पण तिखट जिभेला तोच थंडावा देतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर मी हे लोण्यापेक्षाही आवडीनं खाते. खुद्द थालीपिठातही गर घालता येतो: दोन वाट्या भाजणीला अर्धी वाटी कुस्करलेला गर, कांदा, तीळ, ओवा, तिखट, मीठ. आधी गर पिठाला चोळून घ्यायचा, मोहन चोळतो तसा, आणि मग पाणी चमच्याचमच्यानं. एरवीपेक्षा पाणी कितीतरी कमी लागतं. थालीपीठ दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहतं.

मुलीला डब्यात सँडविच न्यायचं असेल तर हिरव्या चटणीत अर्धा अव्होकाडो वाटून टाका. सँडविचमधलं बटर पावाला काकडी-टोमॅटोच्या पाण्यापासून वाचवतं. ही घट्ट चटणीही दोन्ही पावांना कडेपर्यंत लावली तर तेच काम बऱ्यापैकी करते. पराठे, पुदिन्याची चटणी, भेळेवर घालायला तुकडे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

भाजलेल्या तिखट पदार्थांत माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी मक्याच्या मसाला मफिनना असते. 150 ग्रॅम गव्हाचं पीठ, 50 ग्रॅम मक्याचं पिवळं पीठ, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर, ओवा आणि लाल तिखट हे एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात 180 मिली साधं, गोड नसलेलं सोया दूध घेऊन त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. पाच मिनिटांत ते फाटल्यासारखं दिसेल, तसंच हवं आहे. त्यात 100 ग्रॅम गुळगुळीत कुस्करलेला गर आणि तीन मोठे चमचे तेल फेटा. दोन्ही एकत्र करून अर्धी वाटी उकडलेले मक्याचे दाणे, बारीक ढोबळी मिरची, कांद्याची पात घाला, वरून तीळ पेरा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस-बावीस मिनिटं. सोडा जास्त घातला तर आतला रंग गडद हिरवा होतो, तेव्हा पाव चमच्याच्या वर जाऊ नका.

तोच मुद्दा तुमच्या हिरवट केकचा. हिरवा रंग हरितद्रव्याचा. आंबट पदार्थात शिजवलं की ते फिकट, मेंदीसारखं होतं आणि सोड्यासारख्या क्षारात जास्त ठसठशीत हिरवं. पालेभाजीत सोडा टाकला की ती हिरवीगार दिसते, ते याच कारणानं. व्हॅनिला केकमध्ये हा रंग लपत नाही. एकतर पिस्ता-वेलदोडा घालून हिरवा रंगच केकचा रंग म्हणून घ्यावा, नाहीतर कोको वापरावा. कोको रंगही झाकतो आणि फळाचा तो किंचित गवताळ वासही. वाढदिवसाला पहिल्यांदाच करताय, तर चॉकलेटच करा.

चिवटपणाचं कारण वेगळं. तुम्ही सगळं मिक्सरमध्ये फिरवलं असणार, असा माझा अंदाज आहे. पीठ ओलं झाल्यावर जितकं फिरवाल तितका त्यातला चिकट ताण वाढतो. पोळीच्या कणकेला आपल्याला तोच हवा असतो, केकला नको असतो. बटरच्या केकमध्ये भरपूर स्निग्धांश पिठाला वेढून हा ताण अडवतो. अव्होकाडोत तेवढा स्निग्धांश नाही. म्हणून मी लोण्याच्या जागी कधीच नुसता अव्होकाडो घालत नाही. 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम गर आणि 40 मिली तेल, आणि कृतीतलं दूध किंवा पाणी तीन मोठे चमचे कमी. हे प्रमाण कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा. कुठल्याही मऊ केकला लावता येतं.

आता गोडाचं. रोजच्या जेवणातलं सगळ्यात सोपं म्हणजे शिकरण. केळं आणि अव्होकाडो निम्मं-निम्मं, दुधाऐवजी नारळाचं दाट दूध, बारीक चिरलेला गूळ, वेलदोडा. गूळ आधी नारळाच्या दुधात विरघळवून घ्या. पोळीबरोबर लगेच खायचं, ठेवायचं नाही.

श्रीखंडासारखं काही हवं असेल तर अर्धी वाटी काजू चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, एका हास फळाच्या गराबरोबर अगदी मऊ वाटायचे. पिठीसाखर चवीप्रमाणे, एक मोठा चमचा लिंबाचा रस, वेलदोडा, जायफळ. केशर घालू नका, हिरव्यावर ते मळकट दिसतं. वर पिस्त्याचे काप. दोन तास गार झाल्यावर पुरीबरोबर फार सुंदर लागतं. चक्क्याचा आंबूस वास त्याला येत नाही, ते मी कबूल करते, आणि म्हणून गुढीपाडव्याला मी त्याला श्रीखंड म्हणून वाढत नाही, वेगळं पक्वान्न म्हणून वाढते. तसं वाढलं की लोक तुलना करत नाहीत आणि दुसऱ्यांदा घेतात.

केककडे वळण्याआधी सामानाबद्दल. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हिगन नव्हे. दूध, दुधाची भुकटी, तूप असलेल्या पदार्थालाही हिरवा ठिपकाच असतो. आपल्याकडे व्हिगन पदार्थांचे वेगळे नियम 2022 साली आले आणि त्यांचं चिन्ह आहे हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही अक्षर, त्याला पान फुटलेलं. ते नसेल तर घटकांची यादी वाचा. डार्क चॉकलेटमध्येसुद्धा पुष्कळदा मिल्क सॉलिड्स असतात, काही मार्गारीनमध्ये आणि ब्रेडमध्येही. कोको पावडर घ्याल ती नुसती, साखर-दूध घातलेली ड्रिंकिंग चॉकलेट नको. मुलीनं इतकं मनापासून धरलेलं असताना तिच्या केकमध्ये नकळत दुधाची भुकटी जाऊ नये.

वाढदिवसाचा केक असा करा. 190 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, हे दोनदा चाळा. मोठ्या भांड्यात 80 ग्रॅम पूर्ण पिकलेला गर चाळणीवर घासून घ्या. चाळणीवरच घासा, काट्यानं कुस्करलेल्या गराच्या बारीक गाठी केकमध्ये हिरवे ठिपके होऊन दिसतात. त्यात 180 ग्रॅम साखर घालून हातानं फेटा, मिश्रण चकचकीत होईल. मग 30 मिली बिनवासाचं तेल, एक चमचा व्हॅनिला, 200 मिली कोमट पाणी आणि त्यात विरघळवलेला एक चमचा कॉफी. भट्टी 175 अंशांवर तापलेली हवी, सात इंची डब्याला तळाशी कागद लावलेला हवा. हे सगळं तयार झाल्यावरच पीठ घाला, वीस-पंचवीस वेळा उलथन्यानं घडी घाला, आणि शेवटी एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. व्हिनेगर पडताच मिश्रणात फिकट बुडबुड्यांच्या रेषा उमटतात. ती हवा हाच या केकचा फुगवटा. अंडं नाही, दही नाही, त्यामुळे ती जायच्या आत डबा भट्टीत गेला पाहिजे. इथे फोन घेऊ नका. पस्तीस मिनिटांनी मधोमध सुई घालून बघा. सुईला एक-दोन ओलसर कण लागले तर चालतील, ओलं पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं. डब्यात वीस मिनिटं निवू द्या, मगच काढा. गरम असताना तो नाजूक असतो.

वरच्या क्रीमला 200 ग्रॅम व्हिगन डार्क चॉकलेट आणि 200 ग्रॅम हासचा गर. इथे माझी एक चूक तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. व्हिगन ऑर्डरी सुरू केल्या त्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या वाढदिवसाचा केक होता. संध्याकाळी पाचला न्यायला येणार होते. मी फ्रीजमधला गार गर वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओतला आणि चॉकलेट क्षणात थिजून रव्यासारखं कणीदार झालं. त्या दिवशी मी रडकुंडीला आले. मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून, दोन मोठे चमचे गरम सोया दूध थोडं थोडं घालत हळूहळू फेटत राहिले, तेव्हा ते पुन्हा एकजीव झालं. तेव्हापासून गर निदान तासभर बाहेर ठेवल्याशिवाय मी चॉकलेट वितळवत नाही. चॉकलेट बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं निवलेलं आणि गर खोलीच्या तापमानाचा, असे दोन्ही जवळजवळ सारखे असले की क्रीम मखमलीसारखं होतं. गर आधी मिक्सरमध्ये एकटाच पूर्ण गुळगुळीत करा, चिमूटभर मीठ आणि तीन-चार मोठे चमचे पिठीसाखर घाला, मग चॉकलेट. फेटल्यावर चाखून बघा. फळाचा वास जाणवला तर थोडी कॉफी किंवा व्हॅनिला वाढवा, लिंबू मात्र घालू नका, चॉकलेटबरोबर ते खटकतं. हेच क्रीम वाटीत भरून दोन तास गार केलं की चॉकलेट मूस झालं, आयत्या वेळच्या पाहुण्यांना मी तेच देते.

जुलैत हवा दमट असते, म्हणून क्रीम लावलेला केक बाहेर ठेवू नका. आदल्या दिवशी नुसता केक करून, पूर्ण निवल्यावर डब्यात बंद करून ठेवा. तो दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. क्रीम त्याच दिवशी दुपारी करा. केकला आडवा छेद देऊन मधे आणि वर लावा, आणि फ्रीजमध्ये ठेवा. चॉकलेट थिजतं तसं क्रीम घट्ट होतं, कापायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. उरलेला दोन दिवसांत संपवा.

पाहुण्यांत कोणाला रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी विचारा, अशा काही जणांना अव्होकाडोही सोसत नाही. मूत्रपिंडाच्या आजारासाठी पोटॅशियमचं पथ्य असणाऱ्यांनीही हे फळ डॉक्टरांना विचारूनच खावं. घरात पोपट किंवा दुसरे पक्षी असतील तर साल, बी, गर काहीच त्यांच्यासमोर ठेवू नका, पक्ष्यांना ते विषारी असतं. बी किसून खाण्याचे सल्लेही मनावर घेऊ नका, ती कुंडीत लावा.

वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी एकदा निम्म्या प्रमाणात केक करून बघा, डबा पाच इंची घ्या आणि पंचवीस मिनिटांनी सुई घाला. फळं मात्र वाढदिवसाच्या चार-पाच दिवस आधी कडक आणा, तीन लागतील असं वाटलं तर चार आणा. सगळी एका दिवशी पिकत नाहीत.